काटा हलत नाही, म्हणजे मीटर गेला?

शिलाई मशीन टाके सोडायला लागलं, की आपण काय करतो हो? लगेच ते रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेतो का? मुळीच नाही. आधी दोरा काढून पुन्हा ओवतो. मग सुई बघतो, बोथट झालीय का, उलटी तर बसली नाही ना? मग बॉबीन काढून आतली लव आणि धाग्याचा गुंता साफ करतो. टेन्शनचा स्क्रू किंचित फिरवतो, चिंधीवर चार टाके घालून बघतो. एवढं करूनही जमलं नाही, तरच दुकान. सोपं आणि फुकटचं आधी, अवघड आणि पैशाचं नंतर. हा क्रम आपल्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेला नाही. हाताला तो आपोआप कळतो.

मग हीच बाई पेट्रोलचा वास येणाऱ्या मशीनसमोर उभी राहिली, की हात मागे का बांधून घेते?

हा प्रश्न मला पडतो तो कोकणातल्या होड्यांमुळे. गेल्या काही वर्षांत आपल्या बायका पाण्यावर धंदा करायला लागल्या आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. त्या वल्ही मारत पर्यटकांना खाडीत फिरवतात. केरळात, त्रिशूर जिल्ह्यातल्या चेट्टुवाच्या के. सी. रेखा नवऱ्याबरोबर समुद्रात मासेमारीला जातात. २०१७ मध्येच कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांचा गौरव केला. म्हणजे पाणी हे बाईचं क्षेत्र नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

पण वल्ह्याची होडी वेगळी आणि मागे आऊटबोर्ड मशीन लावलेली बोट वेगळी. वल्हं हातात असतं तोवर सगळं बाईच्या हातात असतं. मशीन आलं की किल्ली कुणाकडे जाते, ते बघा. बोट बाईच्या नावावर, कर्ज बाईच्या नावावर, हप्ता भरायला बँकेच्या रांगेत बाई. आणि मशीन कुरकुरलं की सगळ्या माना वळतात त्या घरातल्या नाहीतर बंदरावरच्या पुरुषाकडे. तो म्हणतो, “वयनी, तुमका त्यातला काय कळतला?” आणि वहिनीही हसून बाजूला होतात. ते हसणंच आपल्याला महाग पडतं, असं माझं मत आहे.

आज एक अगदी साधी वस्तू घेऊन हे मत पटवायचा प्रयत्न करते. बोटीचा स्पीडोमीटर. वेग दाखवणारा तो गोल चकतीतला काटा.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या मशीनमधून तुम्हाला हीच गोष्ट सापडली? हो, मुद्दाम हीच निवडली. कारण स्पीडोमीटर बिघडला म्हणून बोट बुडत नाही. कोकणातल्या कितीतरी होड्यांना तो नसतोच, नाखवा पाण्याकडे बघूनच वेग सांगतो. म्हणजे इथे शिकताना धीर सुटायचं कारण नाही. शिवाय काटा बंद पडला की ‘मीटर गेला, नवा घाला’ हे उत्तर फार पटकन मिळतं, आणि ऐन हंगामात आपण ते निमूटपणे ऐकतो. खरं तर काटा न हलण्याचं कारण मीटरमध्ये असण्यापेक्षा मीटरच्या बाहेर असण्याची शक्यता पुष्कळ जास्त.

ते कसं, हे कळायला आत काय आहे ते समजून घेऊ. घाबरू नका, फार काही नाहीच आत!

साध्या काट्याच्या मीटरचे तीन भाग. पहिला, पाण्याखाली पुढच्या बाजूला तोंड असलेलं एक बारीक भोक. बऱ्याच आऊटबोर्ड मशीनमध्ये हे भोक पंख्याच्या पुढे, पाण्यात राहणाऱ्या गिअरच्या डब्याच्या पुढच्या धारेवर असतं. काही बोटींना ते मशीनवर नसतं, बोटीच्या मागच्या फळीला खाली एक वेगळी छोटी नळी लावलेली असते. दुसरा भाग, त्या भोकापासून मीटरपर्यंत आलेली बारीक रबरी किंवा प्लास्टिकची नळी. आणि तिसरा, मीटर. बोट पुढे गेली की पाणी त्या भोकावर दाबलं जातं, नळीतली हवा दबते आणि तो दाब काटा फिरवतो. संपलं! म्हणजे हा मीटर खरं तर वेग मोजतच नाही. तो दाब मोजतो, फक्त चकतीवर आकडे वेगाचे छापलेले असतात. सायकलच्या दुकानातलं हवा मोजायचं घड्याळ आणि हा, सख्खे नाही तरी चुलत भाऊ.

ही युक्ती काही आजची नाही. आंरी पितो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १७३२ मध्ये वाकवलेली काचेची नळी पॅरिसच्या सीन नदीत धरून पाण्याचा वेग मोजला. त्याच्याच नावाने या नळीला आजही ओळखतात. विमानाचा वेगही याच तत्त्वावर मोजतात.

आता एक गंमत ऐका. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाला भोकावर पडणारा दाब साधारण अर्धा किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ताशी ७२ ला तोच दोन किलोच्या वर, म्हणजे मोटारीच्या चाकात हवा भरतो जवळजवळ तेवढा. पण ताशी १८ ला तो अर्ध्या किलोचाही जेमतेम चौथा हिस्सा, आणि ताशी ९ ला तर नावालाच. म्हणून खाडीत पर्यटकांना बगळे दाखवत सावकाश चाललेल्या बोटीचा काटा शून्याजवळच बसून राहिला, तर तो बिघाड नाही. त्या मीटरचा स्वभावच तसा आहे. हे माहीत नसलं की चांगला मीटर बदलला जातो. पैसे जातात आणि नवा काटाही खाडीत तसाच बसून राहतो!

आता खरंच बिघाड असेल तर तो शोधायचा कसा? शिलाई मशीनचाच क्रम. बाहेरून आत, सोप्यातून अवघडाकडे.

सगळ्यात आधी मशीन बंद. किल्ली काढून स्वतःच्या कमरेला. मशीन बंद पाडणारी जी दोरी असते, तिची क्लिपही काढून ठेवायची. पंख्याजवळ हात घालायचा तर यात एक टक्काही सूट नाही. बोट किनाऱ्याला बांधलेली हवी आणि मशीन वर उचलून नीट अडकवलेलं हवं.

मग काट्याकडे बघा. तो काय सांगतोय? लक्षणं साधारण तीन. काटा मुळीच हलत नाही, काटा नेहमीपेक्षा कमी दाखवतो, किंवा बोट थांबली तरी काटा वरच अडकून राहतो.

मुळीच हलत नसेल तर पहिला संशय भोकावर. आपल्या खाडीत गाळ, वाळू, शेवाळ यांना काय तोटा! बोट पाण्यात उभी राहिली की खडपावर चिकटतात तसे कवचाचे बारीक जीव मशीनवरही चिकटतात. भोक एवढंसं, ते भरायला कितीसा वेळ लागणार? गॅसच्या बर्नरचं भोक आपण पिनेने मोकळं करतो, तसंच हे बारीक तारेने करायचं. मात्र एक पथ्य आहे. त्याआधी नळीचं मीटरकडचं टोक मीटरपासून सोडवून घ्यायचं. मग त्या टोकातून सायकलच्या हातपंपाने हवा मारायची, म्हणजे कचरा आला तसा भोकातून बाहेर पडतो. भोकाशी पाण्याचा मग धरला तर बुडबुडे दिसतात. बुडबुडे आले की वाट मोकळी. नळी मीटरला जोडलेली असताना मात्र जोरात हवा मारायची नाही, आणि गॅरेजच्या कॉम्प्रेसरला तर जवळही आणायचं नाही. आत नाजूक यंत्रणा असते. ती एका फटक्यात जाईल, आणि मग मीटर खरंच गेलेला असेल.

इथे एक सावधगिरी. मशीनच्या मागून चालू असताना पाण्याची जी बारीक धार पडते, ती या भोकाची नव्हे. ती मशीन थंड करणाऱ्या पाण्याची. स्पीडोमीटर बंद पडला तर बोट हाकता येते. ती धार बंद पडली तर मशीन तिथल्या तिथे बंद करायचं, नाहीतर मशीन तापून हजारोंचा फटका. दोन्हींतला फरक बोटीत बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत हवा.

भोक मोकळं आहे, तरी काटा कमी दाखवतो? मग नळी. ती टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत जायची. कुठे मुडपली आहे का, मशीन वळताना कशात चेमटते आहे का, उन्हाने तडकली आहे का, सांध्याशी सैल आहे का? कुकरची रिंग सैल असली की वाफ कडेने जाते आणि शिटी होत नाही, अगदी तसंच. दाब वाटेतच गळाला तर काट्यापर्यंत काय पोहोचणार? तडकलेला तुकडा कापून त्याच मापाची नळी घालायची आणि सांध्याला क्लिप. या दुरुस्तीला मेकॅनिकची पदवी लागत नाही.

आणि तिसरं लक्षण, बोट थांबली तरी काटा वरच? यावर एक फार छान परीक्षा आहे. मीटरमागची नळी काढा. काटा लगेच शून्यावर आला, तर मीटर शहाणा आहे, दाब नळीत कोंडलेला होता. म्हणजे अडथळा नळीत किंवा भोकात. नळी काढूनही काटा जागचा हलला नाही, तर मात्र मीटर अडकला. एका हालचालीत निम्मं प्रकरण निकालात!

मीटरची आणखी एक परीक्षा घरच्या घरी होते. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या, ती नळीच्या छोट्या तुकड्याने मीटरला जोडा आणि दट्ट्या अगदी हळू, जरासाच दाबा. काटा वर गेला आणि तिथे थांबला, तर मीटर ठीक. वर जाऊन हळूहळू खाली सरकला, तर आधी जोड तपासा, आणि जोड पक्का असेल तर गळती मीटरच्या आत. हललाच नाही, तर आता, आणि आत्ताच, नव्या मीटरचा विचार.

शेवटी पाण्यातली चाचणी. हल्ली जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये जीपीएस असतं आणि वेग मोजायला ते मोबाइलच्या रेंजवाचूनही चालतं. पण थेट तुलना करून मीटरला खोटं ठरवू नका. मीटर वेग मोजतो तो पाण्याच्या तुलनेत आणि जीपीएस मोजतं ते जमिनीच्या तुलनेत. समजा मीटर ताशी २० दाखवतोय आणि ओहोटीचं पाणी ताशी ३ किलोमीटरने वाहतंय. पाण्याबरोबर जाताना फोन २३ सांगेल, उलट येताना १७. दोघंही खरं बोलताहेत! म्हणून त्याच पट्ट्यात जाऊन-येऊन दोन्ही आकड्यांची सरासरी काढायची, आणि मग मीटरशी ताडून बघायचं. चकतीवर मैल आहेत, नॉट आहेत की किलोमीटर, तेही आधी बघा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. याच गोंधळात भांडणं झालेली असतात. आणि ही चाचणी पर्यटक बसवून करायची नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. तिथली कारणं वेगळी असतील. पण चाचणी मोकळ्या पाण्यात, माणसांपासून दूर आणि लाइफ जॅकेट घालूनच, हा धडा सगळ्यांसाठी एकच.

काही बोटींना दाबाऐवजी फिरणाऱ्या छोट्या चाकाचा सेन्सर असतो. तिथे चाकात शेवाळ अडकलंय का आणि वायरचा जोड गंजलाय का, हे आधी बघायचं. नव्या मशीनना डिजिटल पडदा असतो, काहींत वेग थेट जीपीएसवरून येतो. तिथे पुस्तिका बघितल्याशिवाय वायरींना हात लावू नका. कुठे थांबायचं हे कळणं, हाही शिकण्याचाच भाग आहे. पेट्रोलची गळती, गिअरच्या डब्यातलं तेल, मशीनच्या पोटातली कामं, ही जाणकाराकडेच द्यावीत.

“पण ताई, एवढा खटाटोप कशाला? सीझनचे दिवस मोजके, मेकॅनिक पाच मिनिटांत करून जातो,” असं कुणी म्हणेल. म्हणणं खोटं नाही. सगळीच कामं सगळ्यांनी करावीत, असं मीही म्हणत नाही. मीही नळाचा वॉशर बदलते, पण मोटर जळली की वायरमनलाच बोलावते. मेकॅनिक आपला शत्रू नाही, त्याच्या हातातलं कसब मोठं आहे. पण त्याला बोलावताना आपण काय म्हणतो, यात सगळा फरक आहे. “भाऊ, मीटर चालत नाही, बघा जरा,” म्हणणाऱ्या बाईला तो ठरवेल ते बिल द्यावं लागतं. “भाऊ, भोक साफ केलंय, नळी काढल्यावर काटा शून्यावर येतो, सिरिंजने मीटर चालतो, फक्त मशीनच्या आतून जाणारा नळीचा तुकडा तेवढा बघा,” म्हणणाऱ्या बाईशी तो वेगळ्या आवाजात बोलतो. करून बघा!

आणि प्रश्न निव्वळ बिलाचाही नाही. मशीनचे फेरे तेवढेच असताना बोट पूर्वीपेक्षा हळू चाललेली दिसली, तर बोटीचा तळ शेवाळला असेल, नाहीतर पंख्याचं पातं दुमडलं असेल. म्हणजे पेट्रोल फुकट जळतंय. वेग माहीत असला की ओहोटी लागून रेतीच्या दांड्यावर बोट बसायच्या आत परतता येईल का, याचा हिशेब मांडता येतो. ज्या बाईला काटा वाचता येतो, तिला धंद्याचा खर्च वाचता येतो. आणि जिला खर्च वाचता येतो, तिला “तुम्ही फक्त सह्या करा” असं सांगणं कठीण जातं. मला वाटतं, “तुमका काय कळतला” या वाक्याच्या मागे खरी भीती हीच असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बोटीसाठी कर्ज किंवा अनुदान देणाऱ्यांनी बायकांच्या हातात नुसती किल्ली देऊ नये, पाना आणि स्क्रूड्रायव्हरही द्यावा. प्रशिक्षण म्हणजे पाहुण्यांशी कसं बोलावं आणि सोलकढी कशी वाढावी, एवढंच नसतं. एक दिवस मशीन उघडून दाखवायचा ठेवा. विक्रेत्याकडून मराठीत लिहिलेला कागद मागा, काय रोज बघायचं, काय महिन्याने, काय हंगामाच्या शेवटी. नाही दिला तर पुन्हा मागा. आपण साडीचा पदर उलटून बघितल्याशिवाय पैसे देत नाही, मग लाखांचं मशीन नुसत्या “एक नंबर आहे” या शब्दावर घ्यायचं?

आणि गटातल्या बायकांनी एक वही घालावी. तारीख, काय बिघडलं, आधी काय बघितलं, शेवटी काय निघालं, किती पैसे लागले. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड आपण जपून ठेवतो ना? तसंच मशीनचं कार्ड. दोन हंगामांनी ती वही कुठल्याही मेकॅनिकपेक्षा तुमच्या बोटीबद्दल जास्त सांगेल.

सुरुवात या रविवारी करा. बोट नसेल तर स्कूटीपासून करा, पाण्याच्या पंपापासून करा. बंद पडलेली वस्तू समोर ठेवा आणि ‘मला काय कळतंय यातलं’ हे वाक्य गिळून विचारा, हिचं काम काय, ते कुठून कुठवर जातं आणि वाटेत नेमकं कुठे अडलं? उत्तर पहिल्या वेळी नाही मिळालं तरी चालेल. प्रश्न आपला आपण विचारला, हे काय कमी आहे?